युद्धकालीन विमानांचे मूळ रंग : संग्रहालयीन पुनरुज्जीवनातील पुराव्यांचा विचार

प्रस्तावना

विमान हे यंत्र होय. तथापि ते संग्रहालयात दाखल झाले की त्याचे स्वरूप पालटते आणि ते इतिहासाचे साधन बनते. शिलालेख, ताम्रपट, नाणी व हस्तलिखिते यांच्या बाबतीत साधनचिकित्सेचे जे नियम इतिहासाचा अभ्यासक पाळतो, तेच नियम दुसऱ्या महायुद्धातील विमानालाही लागू पडतात, याची जाणीव मात्र उशिराने रुजली. संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानाकडे पाहणाऱ्याच्या नजरेत सर्वप्रथम भरतो तो त्याचा रंग. नेमका हाच घटक सर्वांत आधी नाश पावणारा आहे. इंजिन, पंखे, चाके, बंदुका या वस्तू अस्सल असू शकतात. पण त्यांच्यावरील रंग बहुधा पन्नास-साठ वर्षांनंतर कोणीतरी ठरवून दिलेला असतो. म्हणजेच जो भाग सर्वांत प्रभावी साक्ष देतो तोच सर्वांत संशयास्पद असतो.

हा मूळ रंग शोधण्यासाठी कोणते पुरावे वापरले जातात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि शोध लागल्यावरही निर्णय का अवघड राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा मुख्य आधार म्हणून अमेरिकेतील ‘मेम्फिस बेल’ या बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानाचे उदाहरण घेतले असून ओघाने भारताशी थेट संबंध असलेल्या काही विमानांचाही परामर्श घेतला आहे.

‘मूळ’ या शब्दाची अडचण

मूळ रंग कोणता, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. कारखान्यातून बाहेर पडताना जो होता तो मूळ, असे उत्तर सहज देता येईल. परंतु युद्धकालीन विमानाच्या बाबतीत हे उत्तर टिकत नाही. अमेरिकी लष्कराच्या विमानांची पाठ व बाजू ‘ऑलिव्ह ड्रॅब’ या नावाच्या मातकट हिरव्या रंगाने आणि पोट करड्या रंगाने रंगविले जात असे. हा हिरवा रंग उन्हात फार काळ तग धरीत नसे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रंगातील बंधक द्रव्याचे विघटन होते, रंगद्रव्याचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर खडूच्या भुकटीसारखा थर दिसू लागतो. भिंतीवरील जुन्या रंगाला हात लावल्यावर बोटाला जी पूड लागते तोच हा प्रकार. काही महिन्यांतच हिरवट छटा तपकिरीकडे झुकत असे.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. बी-१७ विमानाचे सांगाडे व पंख ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असले तरी शेपटीचे सुकाणू आणि पंखांच्या मागील कडेच्या हलत्या फळ्या कापडाने मढविलेल्या होत्या. कापडावर वेगळ्या प्रकारचा लेप दिला जाई आणि तो वेगळ्या गतीने विटत असे. त्यामुळे एकाच विमानावर, एकाच नावाच्या रंगाच्या दोन-तीन छटा शेजारी शेजारी दिसणे ही त्या काळी नित्याची बाब होती. आज पुनरुज्जीवन करणाऱ्याने संपूर्ण विमान एकाच डब्यातील रंगाने एकसारखे रंगविले, तर तो कागदोपत्री बिनचूक ठरेल; पण तसे विमान युद्धभूमीवर क्वचितच कोणी पाहिले असेल.

म्हणून मूळ रंगाचा प्रश्न विचारताना तारीख सांगणे अपरिहार्य ठरते. कोणत्या वर्षीचा, कोणत्या महिन्यातील, प्रसंगी कोणत्या दिवसाचा रंग हवा आहे, हे ठरल्याशिवाय संशोधनाला दिशाच मिळत नाही.

‘मेम्फिस बेल’चे उदाहरण

‘मेम्फिस बेल’ हे बोइंग कंपनीच्या सिॲटल येथील कारखान्यात तयार झालेले बी-१७एफ विमान. त्याचा अनुक्रमांक ४१-२४४८५. इंग्लंडमधील बॅसिंगबोर्न तळावरून ९१ व्या बाँबफेकी गटाच्या ३२४ व्या तुकडीत त्याने सेवा केली. वैमानिक रॉबर्ट मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ मे १९४३ रोजी आपली पंचविसावी मोहीम पूर्ण केली. त्या काळी युरोपवर दिवसा बाँबफेक करणाऱ्या दलांची हानी इतकी मोठी होती की पंचवीस मोहिमा जिवंतपणे पार पडणे हीच बातमी होती. त्यानंतर विमान व चमू अमेरिकेस परत नेऊन युद्धरोख्यांच्या प्रचारार्थ देशभर फिरविण्यात आले. युद्ध संपल्यावर ते ओक्लाहोमातील अल्टस येथे भंगारात निघण्याच्या बेतात होते. मेम्फिस शहराने ते ३५० डॉलरला घेतले. पुढे अनेक वर्षे ते उघड्यावर उभे होते. ऊन-पाऊस आणि आठवणीखातर वस्तू काढून नेणारे हौशी लोक या दोहोंनी त्याची बरीच हानी केली. दरम्यान ते वेळोवेळी रंगविलेही गेले. २००५ मध्ये ते डेटन येथील अमेरिकी हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणण्यात आले आणि दीर्घ कामानंतर १७ मे २०१८ रोजी, म्हणजे त्या मोहिमेला बरोबर पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, प्रेक्षकांसाठी खुले झाले.

या विमानाच्या बाबतीत तारखेचे महत्त्व किती, हे त्यावरील खुणांवरून स्पष्ट होते. नाकावर प्रत्येक मोहिमेसाठी एक बाँब रंगविण्याची पद्धत होती. पंचवीस बाँब दाखवायचे तर विमान १९४३ च्या मे महिन्याच्या उत्तरार्धातील वा त्यानंतरचेच असले पाहिजे. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय चिन्हाचा विचार करावा लागतो. निळ्या वर्तुळातील पांढऱ्या ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे जोडण्याचा आदेश जून १९४३ च्या अखेरीस निघाला. पट्ट्यांभोवती लाल किनार होती. सप्टेंबरमध्ये ती बदलून निळी करण्यात आली. हे विमान त्यापूर्वीच इंग्लंड सोडून गेले होते. सबब युद्धसेवेतील ‘मेम्फिस बेल’च्या चिन्हाला पट्टे असणे शक्यच नाही. सर्व मोहिमा पूर्ण झालेले, पण अद्याप बाजूचे पट्टे न लाभलेले असे त्याचे रूप अवघ्या काही आठवड्यांचे ठरते. रंगसंशोधन म्हणजे निव्वळ छटांची जुळवाजुळव नव्हे, ती कालनिश्चिती आहे, असे म्हणावे लागते ते यामुळेच.

या विमानाच्या नाकावरील चित्र सर्वश्रुत आहे. ‘एस्क्वायर’ मासिकातील जॉर्ज पेटी यांच्या चित्रावरून गटातील चित्रकार टोनी स्टार्सर यांनी ते दोन्ही बाजूंना काढले. डाव्या बाजूच्या आकृतीचा पोशाख निळा आणि उजव्या बाजूचा लाल. एकाच बाजूचे छायाचित्र हाती असलेल्या अभ्यासकाने दुसऱ्या बाजूविषयी अनुमान केले असते तर ते हमखास चुकले असते. सममितीवर विसंबून राहण्याचा मोह किती घातक ठरतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

छायाचित्र : विश्वासू परंतु फसवा साक्षीदार

युद्धकालीन बहुतांश छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतील राखाडी छटांवरून रंग ओळखण्याचा प्रयत्न अनेकांनी केला व अनेक जण फसले. याचे कारण फिल्मच्या रसायनात आहे. त्या काळी प्रचारात असलेल्या दोन प्रकारच्या फिल्मपैकी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला जवळपास आंधळी असे, तर निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील. परिणामी अशा फिल्मवर लाल रंग काळपट, पिवळा अपेक्षेपेक्षा गडद आणि निळा फिकट उमटतो. ब्रिटिश प्रशिक्षण-विमानांचा भडक पिवळा रंग काही छायाचित्रांत गर्द दिसतो तो यामुळे. पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंगांना कमी-अधिक प्रतिसाद देते. तथापि छायाचित्रकाराने भिंगापुढे पिवळी वा लाल काच लावली असल्यास तिचेही गणित बदलते. छायाचित्र कोणत्या फिल्मवर घेतले आहे हे कळले नाही, तर त्याचा उपयोग आकृत्यांच्या कडा, अक्षरांची उंची आणि पट्ट्यांची जागा ठरविण्यापुरताच मर्यादित ठेवणे शहाणपणाचे. या कामी मात्र त्याची बरोबरी कोणताही पुरावा करू शकत नाही. रिव्हेटच्या रांगा विमानाच्या आराखड्यावरून ठाऊक असतात. त्या मोजून एखादे अक्षर पत्र्याच्या कोणत्या जोडापासून किती अंतरावर सुरू होते हे इंचाच्या हिशेबात सांगता येते.

‘मेम्फिस बेल’च्या संशोधकांना एक दुर्मीळ लाभ मिळाला. विल्यम वायलर यांनी १९४४ साली प्रदर्शित केलेला माहितीपट १६ मिलिमीटर रंगीत फिल्मवर चित्रित झाला होता आणि त्यासाठी घेतलेले, पण चित्रपटात न वापरलेले कित्येक तासांचे चित्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहे. २०१८ मधील ‘द कोल्ड ब्लू’ हा माहितीपट याच चित्रणातून सिद्ध झाला. या फिल्मचे रंग अंधारात ठेवल्यास उत्तम टिकतात. असे असले तरी त्यावरून थेट रंग मिसळायला बसणे योग्य नव्हे. सकाळचा प्रकाश, ढगाळ हवा, फिल्मचा स्वभाव, पुढे संगणकावर प्रत तयार करताना केलेली रंगदुरुस्ती या सर्वांचा परिणाम पडद्यावरील छटेवर होतो. शिवाय वायलर यांच्या चमूने अनेक विमाने चित्रित केली होती. पडद्यावर दिसणारे प्रत्येक बी-१७ हे ‘मेम्फिस बेल’ नव्हे. अशा चित्रणातून विश्वासाने काढता येतो तो तुलनात्मक निष्कर्ष : सुकाणू सांगाड्यापेक्षा फिके आहे की गडद, कोठे रंग उडाला आहे, कोठे ताजा हात दिलेला आहे.

कागदपत्रे आणि नावांचा गोंधळ

प्रत्येक देशाने आपल्या विमानांसाठी रंगांची मानके ठरविली होती व त्यांचे नमुने कारखान्यांना पाठविले जात. पण मानकातील नाव आणि डब्यातील रंग यांत अंतर पडत असे. अनेक पुरवठादार, घाईचे उत्पादन, रंगद्रव्यांची टंचाई यांमुळे एकाच नावाखाली निरनिराळ्या छटा पुरविल्या जात. आजचे अभ्यासक अमेरिकी रंगांचा उल्लेख ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ मधील क्रमांकांनी करतात. पण हे मानकच १९५६ चे आहे. युद्ध संपून दशक उलटल्यावर तयार झालेल्या शेड कार्डातील क्रमांक हा ‘सर्वांत जवळचा’ असू शकतो, ‘तोच’ असू शकत नाही. या बाबतीत मन्सेल पद्धती अधिक उपयुक्त ठरते, कारण ती रंगाला नाव न देता त्याचा वर्ण, उजळपणा व तीव्रता यांची मापे देते.

जपानी ‘झीरो’ विमानाच्या रंगाचा वाद तर शब्दाभोवतीच फिरतो. जपानी नौदलाच्या १९४२ मधील एका अहवालात या विमानाच्या करड्या रंगाचा कल ‘आमे-इरो’कडे असल्याचे नमूद आहे. ‘आमे’ म्हणजे जपानी साखरपाकाची मिठाई. तिचा रंग मधासारखा. आपल्याकडे ‘चिंतामणी’ वा ‘मोरपंखी’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात जी छटा उभी राहते ती दुसऱ्याला दाखविता येत नाही, तशीच ही अडचण. अवशेषांतील तुकड्यांवर आज दिसणारी पिवळसर-हिरवट झाक मूळची किती आणि काळाने आलेली किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

थरांचे वाचन

प्रत्यक्ष वस्तूवरील पुरावा शोधण्याची सर्वांत जुनी पद्धत साधी आहे. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून पत्र्यावरील एखादा छोटा भाग हलक्या हाताने गोलाकार घासला जातो. वरचा थर मोठ्या वर्तुळात, त्याखालचा त्याहून लहान वर्तुळात असे करीत अखेर मध्यभागी उघडा धातू दिसू लागतो. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे विमानाचे सारे रंगायुष्य तेथे उलगडते. यांतील सर्वांत आतला थर बहुधा अस्तराचा असतो. अमेरिकी विमानांत तो झिंक क्रोमेटचा, पिवळट हिरवा. यातील क्रोमियमचे रूप कर्करोगास कारणीभूत ठरणारे असल्याने कोरडे घासणे टाळावे लागते आणि मुखपट्टीशिवाय हे काम करता येत नाही.

अधिक काटेकोर तपासणीसाठी टाचणीच्या टोकाएवढी कपची राळेत बसवून तिचा काटछेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. क्ष-किरण प्रतिदीप्तीने त्यातील मूलद्रव्ये कळतात, तर अवरक्त वर्णपटाने बंधक द्रव्य कोणते हे समजते. येथे रसायनशास्त्र कालगणनेच्या मदतीला येते. रुटाइल रूपातील टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य व्यापारी प्रमाणावर १९४० च्या दशकात प्रचारात आले. १९३० च्या दशकातील म्हणून दाखविला जाणारा पांढरा थर तपासला असता त्यात ते आढळले, तर तो थर नंतरचा आहे हे सिद्ध होते. दोन थरांच्या मध्ये धुळीची बारीक रेघ दिसली तर मधला काळ विमान वापरात होते असे समजावे. ती नसली तर दोन्ही हात एकाच वेळी दिले गेले.

खरा पुरावा मात्र अनेकदा आडबाजूला मिळतो. दुरुस्तीच्या पत्र्याखाली, झाकणाच्या आतल्या कडेला, बिजागरीच्या मागे, म्हणजे जेथे ऊन पोहोचले नाही आणि नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रशही पोहोचला नाही, अशा जागी मूळ रंग टिकून राहतो. सरधोपट पद्धतीने रसायन लावून सगळा रंग उतरविणारा कारागीर हा पुरावा अर्ध्या दिवसात संपवतो, आणि एकदा उतरलेला थर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

‘मेम्फिस बेल’वरील नंतरचे थर काढताना पत्र्यावर कोरलेली शेकडो नावे व संदेश उघड झाले. १९४३ च्या प्रचारदौऱ्यात विमान पाहायला आलेल्या सामान्य लोकांनी ती कोरली होती. रंगाचा शोध घेता घेता हा एक अनपेक्षित जनाभिलेख हाती लागला. आपल्याकडे किल्ल्यांवर नावे कोरणाऱ्यांचा संताप येतो व तो योग्यच आहे. पण येथे मात्र त्या ओरखड्यांनीच विमानाच्या आयुष्यातील एका पर्वाची साक्ष दिली.

आशियातील आघाडी आणि लाल रंगाचा त्याग

भारतीय वाचकाला विशेष महत्त्वाचा वाटेल असा विषय म्हणजे आग्नेय आशियाई आघाडीवरील चिन्हे. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या केंद्रस्थानी लाल ठिपका असे. जपानी विमानांवर संपूर्ण लाल वर्तुळ. हवेतील झटापटीत क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. तेथे लाल रंगाची झलक म्हणजे शत्रू, असे समीकरण झाल्याने स्वकीयांकडूनच गोळीबाराचा धोका निर्माण झाला. अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातील लाल ठिपका काढून टाकला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिश व भारतीय हवाई दलांच्या विमानांनीही लाल रंग टाकून गर्द निळ्या वर्तुळात फिकट निळे केंद्र असलेले चिन्ह स्वीकारले. त्यामुळे या आघाडीवरील एखादे हरिकेन वा स्पिटफायर आज लाल केंद्रासह दाखविले गेले, तर ती केवळ सौंदर्याची चूक राहत नाही. ज्या कारणासाठी माणसे दगावली व नियम बदलला ते कारणच प्रदर्शनातून पुसले जाते.

याच आघाडीवरील लिबरेटर विमानांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. युद्ध संपल्यावर कानपूर येथे अशी अनेक विमाने निकामी करून सोडून देण्यात आली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यांतील सुमारे चाळीस विमाने दुरुस्त करून भारतीय हवाई दलाच्या सेवेत आणली व ती १९६८ पर्यंत वापरात राहिली. जगभरातील संग्रहालयांत आज उभी असलेली बरीच लिबरेटर विमाने भारतातून गेलेली आहेत. ब्रिटनच्या शाही हवाई दल संग्रहालयाला १९७४ मध्ये मिळालेले के.एन. ७५१ हे त्यांपैकी एक; १९४५ साली कोकोस बेटांवर ९९ व्या तुकडीत असलेले. अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने १९८९ मध्ये उड्डाणयोग्य केलेले लिबरेटरही भारतीय सेवेतूनच आले. त्याला प्रथम ‘ऑल अमेरिकन’, पुढे ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ आणि नंतर ‘विचक्राफ्ट’ या दुसऱ्याच विमानांच्या रूपांत रंगविण्यात आले. मूळ ‘विचक्राफ्ट’ने युरोपात १३० मोहिमा केल्या होत्या. त्या स्मृतीला वंदन करण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. तरीही ज्या विमानाने भारतीय चक्र मिरवीत जवळपास दोन दशके सेवा केली, त्याच्या अंगावर त्या सेवेचे काहीच दिसू नये, ही बाब खटकल्याशिवाय राहत नाही. लहान कालखंडातील शौर्य नेहमीच दीर्घ कालखंडातील सेवेवर मात करते, असे या निवडींवरून दिसते.

रंगवावे की राखावे

या पार्श्वभूमीवर काही संग्रहालयांनी वेगळा मार्ग पत्करला. दोनशेहून अधिक मोहिमा केलेले ‘फ्लॅक-बेट’ हे बी-२६ विमान वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे. त्याचा युद्धकालीन रंग मोठ्या प्रमाणावर शिल्लक असल्याने ते नव्याने न रंगविता आहे तो थर स्थिर करण्याचे धोरण स्वीकारले गेले. नॉर्वेतील होक्लिंगेन सरोवराच्या तळातून १९७३ मध्ये काढलेले हॅलिफॅक्स विमान लंडनच्या संग्रहालयात बहुतांशी सापडले त्याच अवस्थेत ठेवलेले आहे. याउलट इजिप्तच्या वाळवंटात २०१२ मध्ये प्रकाशात आलेले किटीहॉक विमान सत्तर वर्षे वाळूत राहूनही ओळखण्याजोगे होते. पुढे एल अलामीन येथील संग्रहालयात त्याला दिलेल्या नव्या रंगावर व खुणांवर जाणकारांनी कठोर टीका केली. वाळूने घासलेला तो पत्राच त्या विमानाचा सर्वांत खरा रंग होता, हे म्हणणे अतिशयोक्त वाटले तरी अनाठायी नाही.

प्रस्तुत विषय परदेशी संग्रहालयांपुरता मर्यादित नाही. हवाई दलातून निवृत्त झालेली विमाने आपल्याकडे शहरांतील चौकांत, सैनिकी शाळांत व अनेक महाविद्यालयांच्या आवारात उभी केली जातात. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून पूर्णतः निवृत्त झाल्याने अशा विमानांची संख्या वाढण्याची शक्यता आहे. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास चकचकीत धातूच्या भारतीय विमानांवर घाईघाईने, प्रत्येक तळाने आपापल्या परीने मायावरणाचे पट्टे ओढले होते. त्या काळातील एखाद्या विमानाच्या झाकणाखाली वा बिजागरीमागे त्याचे अंश अजूनही असू शकतात. स्नेहसंमेलनापूर्वी स्थानिक रंगाऱ्याला बोलावून ऑइल पेंटचे दोन हात देण्याचा निर्णय प्राचार्यांच्या कक्षात पाच मिनिटांत होतो. त्याआधी विमानाच्या सर्व बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे घेणे, अनुक्रमांक व आतल्या पाट्या नोंदविणे, घासकाम टाळणे आणि तळहाताएवढी एक जागा उन्हापासून दूर, न रंगविता सोडून तिची नोंद ग्रंथालयात ठेवणे, एवढे तरी इतिहास व रसायनशास्त्र विभागांनी मिळून करता येण्याजोगे आहे. त्याला वेगळ्या अनुदानाची गरज नाही.